गेरूचा खडा

धनगराला लांडग्याचं भय नसतं म्हणतात. म्हाळूला त्या दिवशी लांडगा परवडला असता. त्याला भय होतं सुंदरराव देशमुखांचं.

निजाम सरकारचा हुकूम आला होता की, गावाचा मुख्य पंच गावानंच निवडायचा. उभे दोघे. एक सुंदरराव, दुसरा धोंडीराम नावाचा साधा कास्तकार. गायरानातली बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, सुंदररावांनी कधीचीच आपली करून टाकली होती, तिथं पाणी त्यांच्या मर्जीनं मिळायचं. धोंडीराम म्हणाला, मी आलो तर बारव सगळ्यांना खुली. तेव्हा माळावरच्या बाराही धनगरांनी खंडोबापुढं भंडारा उचलला की, आपल्या मतांचे बारा खडे धोंडीरामाला. भंडारा उचलून शब्द फिरवायचा म्हणजे काय, हे धनगराला सांगावं लागत नाही.

पण आदल्या दिवशी देशमुखांच्या कारभाऱ्यानं म्हाळूला माळावर एकट्याला गाठलं होतं. "खडा नीट टाक बे. न्हाई तर उद्यापासून तुजी मेंढरं बारवेवर दिसायची न्हाईत."

म्हाळूची वीस कोकरं अजून आईच्या दुधावर होती. चैत्राचं ऊन पेटलेलं. बारव बंद झाली तर बिंदुसरा नदीच्या डबक्यापर्यंत तंगडतोड दोन कोस, आणि कोकरं वाटेतच माना टाकणार. त्यानं बायकोला सांगितलं. बायडाबाई एवढंच म्हणाली, "भंडारा उचललाय तुमी." म्हाळूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चावडीत दोन घागरी ठेवल्या होत्या आणि पुढं घोंगडीचा पडदा. लिहितावाचता येणारे गावात चौघंच, म्हणून तहसीलदारांनी घराघराला एकेक पांढरी गारगोटी दिली. डावी घागर धोंडीरामाची, उजवी सुंदररावांची. कुणी कुठं टाकली ते कुणाला कळायचं नाही, अशी सरकारची समजूत.

म्हाळू पडद्याआड गेला. हात डावीकडं गेला, थबकला आणि उजवीकडं वळला. खडा टणकन वाजला तसा तो दचकला. झालं, कोकरं वाचली, असं मनाशी म्हणत तो बाहेर येऊन उभा राहिला.

सगळ्यांचं टाकून झाल्यावर घागरी जाजमावर उपड्या केल्या. सुंदररावांचे एकतीस, धोंडीरामाचे तीस.

एका खड्यानं! तो एक खडा कुणाचा, हे त्या चावडीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुंदरराव मात्र जिंकूनही हसले नाहीत. ते जाजमाकडं बघत होते. धोंडीरामाच्या ढिगात अकरा खडे तांबूस होते. त्यांच्या ढिगात एकच.

आदल्या आठवड्यात लोकर कातरून झाली होती. आणि खडे टाकायच्या दिवशी पहाटे बाराही धनगरांनी तेलात कालवलेल्या गेरूनं मेंढरांवर खुणा केल्या होत्या. तो रंग दोन-दोन दिवस बोटांचा जात नाही, हातातल्या खड्यालाही लागतो, आणि मेंढरावर खूण करून थेट चावडीत यायची अक्कल धनगरांशिवाय कुणाला सुचणार!

"बारातल्या एकानं माझा मान ठेवला," सुंदरराव म्हणाले. "त्यानं पुढं यावं. त्याला बारव मोकळी. बाकीच्या अकरांनी मेंढरं तिकडं फिरकू द्यायची न्हाईत."

कुणी हललं नाही. म्हाळूनं तांबड्या बोटांची मूठ आवळून धरली. घटकाभरापूर्वी तो सुंदररावांना भीत होता. आता त्याला शेजारी उभ्या असलेल्या अकरा माणसांचं भय वाटायला लागलं, आणि ते भय पहिल्याहून मोठं होतं.

माळावर परतल्यावर बारातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आसारामानं सगळ्यांना खंडोबापुढं नेलं. त्यानं भंडाऱ्याची पिशवी सोडली.

"ज्याचा खडा देशमुखाकडं गेला न्हाई, त्यानं उचलावा."

एकेक जण पुढं झाला, चिमूट कपाळाला लावून बाजूला झाला. अकरा झाले. म्हाळूनं हात पुढं केला, पण बोटं पिशवीत जाईनात.

"माजा हाय," तो कसाबसा म्हणाला. "मी भ्यालतो आसारामदा. कारभारी आलता माज्याकडं."

आसारामानं पिशवीची गाठ मारली. "समद्यांकडंच आलता. एकेकट्याला गाठून. भ्यालतो तर आमी बी."

म्हाळूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी अंगावर धावून यावं, काठी घालावी, असं त्याला वाटलं. कुणी धावलं नाही.

"जा," आसाराम म्हणाला. "पाज तुजी मेंढरं बारवेवर. कोकरं मरतील."

मग अकरांनी आपापले कळप बिंदुसरेकडं वळवले. म्हाळूनं बारवेच्या वाटेवर उभं राहून आपल्या मेंढरांना हाळी दिली. मेंढरांनी माना वर करून त्याच्याकडं पाहिलं. रोज ती सगळ्यांबरोबर चरायची, सगळ्यांबरोबर पाण्यावर जायची. ती आजही त्यांच्याच मागं निघाली, आणि कोकरं त्यांच्यामागं.

म्हाळूनं दुसऱ्यांदा हाळी दिली नाही. मागं पडलेली दोन कोकरं त्यानं काखेत घेतली आणि रडत रडत सगळ्यात शेवटी तोही चालू लागला. पुढच्या अकरांतल्या एकानंही मागं वळून पाहिलं नाही.