चिकाचा डाग

केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही. साबण घासा, सोडा घासा. लुगडं फाटेल, पण डाग हटणार नाही. यावलच्या शिवारात केळीत राबणाऱ्या बाईला हे कोणी शिकवायला लागत नाही. म्हणून द्रौपदाबाईला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास परकरावर तपकिरी डाग दिसू लागले, तेव्हा तिने ते सरळ चिकावर ढकलले. कापलेल्या घडांच्या ढिगात बसून दिवसभर फण्या भरायच्या, तर परकर कोरा राहील कसा?

अंगावरून पाणी जात होतं, हेही तिला कळत होतं. ती म्हणाली, गरमी झाली असेल. गुलकंद खाल्ला, तुरटीच्या पाण्याने धुऊन पाहिलं. मग वास सुटला. तिने दिवसातून दोनदा आंघोळ सुरू केली. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलता एक युवराज बायकोला घेऊन पुण्यात. घरात विचारणारं कोणी नव्हतं आणि न विचारता सांगायची ही गोष्ट नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडच्या बायका म्हणतात. पण मुठीत काय सडतंय ते उघडून कोणी बघत नाही.

पावसाळा लागला, बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. दरवर्षी पुढे बसणारी द्रौपदाबाई यंदा दोन दिवस दाराशी बसली आणि मग गेलीच नाही. मजुरांच्या गाडीत वीस वर्षांपासूनची शेजारीण मंजुळाबाई पलीकडच्या फळीवर जाऊन बसू लागली. आपलं काय चुकलं, या विचाराने द्रौपदाबाई रोज झुरायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काम बंद होतं. चिकाचा डाग निघणार नाही म्हणून आजवर तिने तो कधी चोळलाच नव्हता. आज तिने परकर साध्या पाण्यात बुचकळला, दोनदा चोळला आणि डाग निघून गेला. ती बघतच राहिली. तिने परकर उजेडात धरून उलटसुलट पाहिला. चीक कधी असा निघतो होय? पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती, मग हे रक्त कुठलं?

ती ओल्या हातांनीच मंजुळाबाईच्या दारात गेली.

"खरं सांग व. तू माह्याजवळून काहून उठली?"

मंजुळाबाईने मान खाली घातली. "वास येतो, माय. आता कसं सांगू तुले?"

"इतके महिने येत व्हता अन् एक शब्द नही बोलली?"

"लाज वाटे."

द्रौपदाबाईला रागापेक्षा रडू जास्त आलं. ती तशीच परतली आणि पोळा होताच एकटी यावलच्या सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी सगळं विचारलं, पडद्याआड तपासलं, नमुना घेतला.

"मावशी, पाळी येते त्या वयात थोडं पांढरं जातंच. त्याला घाण वास नसतो, खाज नसते. रंग बदलला, वास आला, खाज सुटली, ओटीपोट दुखलं, की दाखवायचं. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात यायचं. तुरटीने धुणं आता बंद करा."

"कॅन्सर शे का?"

"आज नाही म्हणता येत नाही, हो पण म्हणता येत नाही. आत जखम दिसते. सोमवारी जळगावला पुढची तपासणी. घरचं कोणी सोबत आणा."

घरचं कोणी! बसस्टँडवरच्या बाकावर बसून तिने युवराजला फोन लावला. काय झालं, म्हणून त्याने विचारलं, तर तोंडातून निघालं, "पोट दुखतं, बाबा."

"मग गॅसची गोळी घे ना, आई. मी ड्युटीवर आहे."

फोन बंद झाला. आजूबाजूला गर्दी होती, पण तिच्या बाकावर ती एकटीच होती. इतकं एकटं तिला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. बराच वेळ बसून तिने सुनेला, प्रज्ञाला, फोन लावला आणि या वेळी आडपडदा ठेवला नाही. रक्त, वास, जखम, सोमवार, सगळं सांगून टाकलं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. हिलाही किळस आली, असं तिला वाटलं.

"आई, मी रविवारीच निघते," प्रज्ञा म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "आई... मलापण दोन महिने झाले. दह्यासारखं जातं. खाज इतकी सुटते की झोप लागत नाही. यांना कसं सांगू? इथे माझं कोण आहे?"

द्रौपदाबाईने फोन कानाशी घट्ट धरला. स्वतःचं दुखणं क्षणभर विसरून ती सावरून बसली.

"माह्यासारखी थांबू नको, बेटा. आजच दवाखान्यात जाय. अन् मले सांग, बठ्ठं, सगळं सांग. मले तुयी काही घाण नही वाटत."