ओंजळीतला उगम आणि मागचं धरण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, पण मला डोळ्याला लावून उपयोग नाही. मला पोटाशी धरायचं आणि वरून माझ्यात डोकवायचं. माझ्या तोंडावर एकाखाली एक अशी दोन भिंगं आहेत. वरच्या भिंगातून माणूस बघतो आणि खालच्या भिंगातून मी फोटो काढतो.

परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीनं मुंबईला आलो आणि मुलुंडला अंबादासशेठच्या स्टुडिओत कामाला लागलो. किती लग्नं, किती बारशी मी टिपली! माझ्यासमोर भलेभले श्वास रोखून बसत. पुढे नवे, हलके कॅमेरे आले. शेठनी मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि ते मला विसरून गेले.

विसरली नाही ती फक्त सुगंधा. ती स्टुडिओच्या अंधारखोलीत फोटो धुण्याचं काम करायची. तिचे सासरे कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. ते वारल्यावर घरात नवरा, ती आणि सासू अंजनाबाई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सुगंधा मला खाली काढायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि माझ्यात डोकावून रस्ता बघायची. बाहेर जाऊन फोटो काढायची तिला फार हौस होती. शेठ मात्र हसून म्हणायचे, "बाईमाणसाचं काम नाही गं ते."

चौऱ्याऐंशी सालचा पावसाळा सरला होता. कोंडसर गावची बरीच माणसं मुलुंडला राहायची. त्यांच्या गावाजवळचं नवं धरण त्या वर्षी पहिल्यांदाच काठोकाठ भरलं होतं. आपल्या गावकऱ्यांच्या मेळाव्यात लावायला त्यांना मोठा फोटो हवा होता, म्हणून ते शेठकडे आले. अट एकच होती, नदीचा उगम आणि धरण एकाच फोटोत दिसायला हवं.

शेठ नवा कॅमेरा घेऊन गेले आणि पाय मुरगळून परत आले. "वाट लागली," ते कण्हत म्हणाले. "झरा एवढासा, जमिनीला चिकटलेला. उभं राहिलं की झरा दिसत नाही. वाकायला जावं, तर मागे खडक. डोकं घालायलासुद्धा जागा नाही."

"मी जाऊन बघू?" सुगंधानं विचारलं.

शेठनी आपल्या मुरगळलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा. जमलं तर यापुढे बाहेरची कामं तुझी. नाही जमलं, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

सुगंधानं नवा कॅमेरा घेतला नाही, मला घेतलं. सोबतीला अंजनाबाई निघाल्या. एस.टी.नं कोंडसरला उतरून आम्ही डोंगर चढू लागलो. काय सांगू मित्रांनो! इतकी वर्षं मी रंगवलेल्या पडद्यावरचे डोंगर पाहिले होते. खरा डोंगर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वर खडकाच्या कपारीतून पाण्याची बारीक धार येत होती. सुगंधानं मला ओल्या दगडावर टेकवलं. मागे खडक होताच, पण माझ्यात वरून डोकवायचं असल्यामुळे त्याची अडचण झाली नाही. ती नुसती माझ्यावर वाकली आणि खाली पसरलेलं अख्खं धरण माझ्या काचेवर आलं! पण धार इतकी बारीक, की काळ्या खडकापुढे ती दिसेचना. तिनं दोन-तीन फोटो काढले आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला.

"काय झाला गो?" अंजनाबाईंनी विचारलं.

"आई, पाणी दिसतच नाही. तुम्ही धारेखाली ओंजळ धराल?"

"माझो फोटो? नाय हां! जल्मात काढूक नाय."

"आई, माझं सगळं यावरच आहे हो."

अंजनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि त्या धारेपाशी बसल्या. "धर तुझो डबो नीट," त्या म्हणाल्या.

ओंजळ भरली, पाणी बोटांतून सांडू लागलं. ढग काही हलेना. थंडगार पाण्यानं म्हातारीचे हात गारठले, पण तिनं ते खाली घेतले नाहीत. आणि एकदम ऊन पडलं! ओंजळीतलं पाणी लखलखलं, मागे धरण चमकलं. सुगंधानं श्वास रोखला आणि मी डोळा मिटून उघडला.

मेळाव्याच्या दिवशी तो फोटो दाराएवढा मोठा करून लावला होता. त्यापुढे माणसं हटेनात. कुणी ओरडलं, "अरे, हीच आपली नदी!" टाळ्या थांबेनात. पायाला पट्टी बांधलेले शेठ काठी टेकत पुढे आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हा फोटो आमच्या सुगंधाबाईंनी काढलाय. आमची बाहेरची सगळी कामं आता त्याच बघतात." त्या दिवसापर्यंत ते तिला नुसतं 'सुगंधा' म्हणायचे. अंजनाबाई शेजारणीला हळूच सांगत होत्या, "हात माझे आसत, पण काढलो माझ्या सुनेन."

त्यानंतर सुगंधानं माझ्याकडून पुष्कळ काम घेतलं. आज माझं चामडं सुटलंय, बटण कुरकुरतं, तरी मी फळीवर नाही, तिच्या खांद्यावर आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू पडून असेल. तिला कापडात गुंडाळून ठेवलं म्हणजे तिला जपलं असं नाही. तिला उघडा, पुसा आणि तिच्याकडून काम घ्या. आम्हाला अजून खूप काही बघायचं आहे.