धाकट्याची दोरी

थोरल्याने वर्षभर तोंडाला कुलूप घातलं होतं. वरवर सगळं सुरळीत. सकाळी पर्यटकांना होडीतून न्यायचं, प्रवाळ दाखवायचे, बुडालेल्या जहाजाभोवती एक फेरी मारून आणायची. "आत का नेत नाही?" असं कुणी विचारलंच, तर हसून वेळ मारून न्यायची.

त्याच जहाजात त्याचा धाकटा भाऊ गेला होता. आत जरा पाय हलवला की गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. म्हणून पाणबुडे दाराशी दोरी बांधून शिरतात आणि तिलाच धरून बाहेर येतात. धाकटा सापडला तेव्हा दोरी नव्हती. गावाने ठरवून टाकलं, पोरगा बेफिकीर होता. गावाचं तोंड कोण धरणार? पण बाबांनीही तेच धरून ठेवलं, आणि ते थोरल्याला सोसवत नव्हतं.

त्या दिवशी बाबा घराला लागूनच्या दुकानामागे पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरत होते. दोघा पोरांना बुडी मारायला त्यांनीच शिकवलेलं. दाबाच्या काट्याकडे बघता बघता त्यांची गाडी पुन्हा त्याच रुळावर आली.

"पाळण्यात होता तेव्हापासून सांगत आलो, दोरीशिवाय आत जायचं नाही. अतिशहाणा. त्याच्यासाठी रडायचीसुद्धा लाज वाटते मला."

थोरल्याने हातातली टाकी खाली ठेवली. "बाबा, त्याने दोरी बांधली होती."

"तुला काय माहीत?"

"मीच गुंडाळली."

मग सगळं बाहेर पडलं. तेव्हा पर्यटकही जहाजात शिरत; हंगाम संपला की त्यांनी सोडलेल्या दोऱ्या काढायच्या, हे दरवर्षीचं काम. त्या दिवशी धाकट्याला त्याने प्रवाळाकडे धाडलं होतं. तिकडचं उरकून तो जहाजात शिरला असेल, हे याच्या मनातही आलं नाही. दाराशी मळकी दोरी दिसली, जुनी वाटली. गुंडाळण्याआधी ती दोनदा ओढायची, आत कुणी असेल तर तो उलट ओढतो. हा बाबांचाच नियम. पण थंडीने हात आखडले होते, वर जायची घाई होती. त्याने ओढून पाहिली नाही. आतलं टोक धाकट्याने हाताशीच कशाला तरी नुसतं अडकवलं असावं, कारण दोरी सहज निघून आली. होडीत चढल्यावर भाऊ दिसला नाही, तेव्हा त्याने पुन्हा टाकी चढवली. परत खाली गेला, तर आत नुसता गाळ.

"म्हणजे बांधली होती त्याने," बाबा म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. वर्षभर अडवलेलं रडू त्यांना आवरेना. थोरल्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. डोळे पुसत ते घरात गेले.

"अगं, पोराचं काही चुकलं नव्हतं," आतून त्यांचा आवाज आला. "दोरी होती त्याची."

"मग गेली कुठे?" आईने विचारलं.

दोरी-टाकीच्या बाबतीत जन्मात कधी खोटं न बोललेला तो माणूस शेवटी म्हणाला, "तुटली असेल."

हेच कुणीतरी म्हणावं, म्हणून थोरला वर्षभर आसुसला होता. तो दारात येऊन उभा राहिला.

"तुटली नाही, आई," तो म्हणाला. "मी काढली."