खुर्चीचे चार मोजे

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मी तोंडाळ आहे. ओढलं की करकरते. ज्यांना माझी करकर खपत नाही त्यांनी मला उचलून न्यावं. पण मी आहे सागवानी, अंगानं जड, उचलायला दोन माणसं लागतात. म्हणून सहसा ओढतातच. ही करकर बंद केली म्हणून एका माणसाचं हाड मोडता मोडता राहिलं. तेच सांगायचं आहे, पण जन्मापासून सांगते, नाहीतर माझा रुबाब तुम्हाला कळायचा नाही.

देवणीच्या गुरुपादप्पा सुतारानं मला घडवलं. कंधारच्या एका शिंप्यानं गुरुपादप्पाच्या मुलाच्या लग्नाचे कपडे असे बेतले होते, की त्या आनंदात गुरुपादप्पानं त्या शिंप्याला मला करून दिलं. पॉलिश वाळल्यावर त्यानं मला शहाबादी फरशीवर ठेवलं, चारी कोपऱ्यांवर तळहात दाबून पाहिला आणि मागच्या डाव्या पायाखालून कागदाइतकं लाकूड तासलं. म्हणाला, "बसणाऱ्याला डुलवतो त्यो पाळणा. खुर्चीनं हलू न्हाई." एवढंच माझं शिक्षण. मग एसटीच्या टपावर बसून मी कंधारला आले.

दुकानात माझा थाट काय वर्णावा! शेरवानी घालून बघणारा नवरदेव आधी माझ्यावर बसे, कारण काखेत कुठं ताणतंय ते बसल्यावरच कळतं. "मास्तर, खुर्ची लई भक्कम हाय," असं प्रत्येकजण म्हणे. पुढं ते शिंपी वारले आणि दुकान त्यांच्या मुलाकडं, फारूक मास्तरांकडं आलं. त्यांच्याबरोबर चार तांबड्या प्लॅस्टिकच्या खुर्च्याही आल्या. हलक्या, उथळ, एकमेकींच्या मांडीवर बसणाऱ्या. मी दुकानामागच्या घरात गेले. तिथं माझ्यावर चिंध्यांचं गाठोडं बसलं आणि ते वीस वर्षं उठलं नाही. मला राग होता. अजून आहे थोडा.

त्या कोपऱ्यातून मी मास्तरांना म्हातारं होताना पाहिलं. आधी त्यांना शुगर निघाली. मग पायाला मुंग्या यायला लागल्या, आणि एके दिवशी मुंग्याही गेल्या. त्यांना वाटलं, बरं झालं. पण मुंग्यांबरोबर पायांची जाणीवच निघून गेली होती. "गादीवर चालल्यागत वाटतं," ते बायकोला, अमीरबीला, सांगत. चप्पल पायातून निसटून अंगणात पडलेली असायची आणि मास्तर एक पाय अनवाणी घेऊन घरभर फिरायचे. अमीरबी चप्पल हातात घेऊन मागं यायची. दोघंही हसायची. मला काही हसू यायचं नाही.

मग ते पडले. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला, नळाकडं जात होते, चप्पल कधी निसटली ते कळलं नाही, आणि पाय ओल्या मोरीवर गेला. उजवं मनगट सुजलं. महिनाभर कात्री धरता आली नाही.

मुलगा वकार लातूरहून धावत आला. तो तिथं औषधांच्या दुकानात आहे, असले पेशंट रोज बघतो, म्हणून जास्तच घाबरलेला. घरातली बोली दखनी, मी आपल्या मराठीत सांगते. "अब्बा, आता बास. दुकानाला कुलूप लावा आणि लातूरला चला."

शिंपी कापड उभ्यानं बेततो, बसून बेतलं की कात्री वाकडी जाते. उभं राहता आलं नाही तर मास्तर कसले? "तीन महिने दे मला," ते म्हणाले.

"दिले. पण मधे एकदा जरी पडलात, तरी मी तुमचं काही ऐकून घेणार न्हाई."

तीन महिने आणि एक पडणं, एवढाच करार. त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक पाऊल मी श्वास रोखून ऐकू लागले.

दर गुरुवारी नांदेडहून विनीता मॅडम कंधारच्या दवाखान्यात यायच्या. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर. पहिल्याच आठवड्यात त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "चाचा, आधाराला खुर्ची लागेल." मास्तरांनी तांबडी पुढं केली. मॅडमनी ती एका बोटानं मागं कलवून दाखवली. "ही तुम्हालाच घेऊन पडेल. जड नाही का एखादी?"

गाठोडं उठलं, मित्रांनो. वीस वर्षांनी.

मॅडमनी माझं तोंड भिंतीकडं केलं, मला भिंतीला टेकवलं आणि मास्तरांना माझ्या पाठीमागं उभं केलं. दोन्ही हात माझ्या पाठीवर. आधी टाचा उचलायच्या, मग चवडे. मग आडवं पाऊल टाकायचं, डावीकडं पाच, उजवीकडं पाच. मग एका पायावर उभं राहायचं, जमेल तितकं. मग मला फिरवून, माझी पाठ भिंतीला लावून, माझ्यावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. "पायातली जाणीव परत येईल असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण डोळे आहेत, गुडघे आहेत, कंबर आहे. त्यांना जरा जास्त काम शिकवू. तोल गेला तर पाऊल कुठं टाकायचं ते अंगाला आधीच ठाऊक पाहिजे." आणि तीन अटी घातल्या. पायात मागून पट्ट्यानं बंद होणारी चप्पल, खुर्ची भिंतीला आणि अमीरबी हाताच्या अंतरावर.

पहिल्या दिवशी मास्तर एका पायावर तीन आकडे मोजेपर्यंत टिकले. माझी पाठ त्यांनी डाव्या हातानं अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. चौथ्या आठवड्यात सहा. आठव्यात दहा, तेही एका हातानं. सकाळी व्यायाम, संध्याकाळी अमीरबी आरसा धरून त्यांचे तळवे बघायची, कुठं जखम आहे का, टाचणी रुतली आहे का. शिंप्याच्या घरात टाचण्या कुठं नसतात? मास्तर परत मेजाशी उभे राहून कापड बेतू लागले. मी मनात म्हटलं, गुरुपादप्पा, बघ, हलले नाही.

इथंच माती खाल्ली गेली.

वकारनं घरात नवीन गुळगुळीत टाइल्स बसवल्या होत्या. रोज सकाळी मला भिंतीपासून ओढताना मी करकरायची आणि फरशीवर बारीक रेघ उमटायची. अमीरबीचा जीव वरखाली व्हायचा. "पोरानं हौसेनं घातलीय, वकारचे अब्बा. कायतरी करा हिचं."

दुसरं कुणी असतं तर पायाखाली रबर ठोकलं असतं. पण मास्तर पडले शिंपी. त्यांच्या लेखी दुनियेतल्या प्रत्येक दुखण्याला कापड आहे. शेरवानीच्या अस्तराचं निळं साटिन उरलं होतं. त्यांनी माझ्या पायांचं माप घेतलं, अगदी टेपनं, आणि चार मोजे शिवले. आत कापूस, वर इलॅस्टिक, दुहेरी टीप. मोजे माझ्या पायात चढवले तेव्हा अमीरबीनं तोंडाला पदर लावला. "नवरीगत दिसून राहिली की."

कौतुक कुणाला नको असतं? मलाही वाटलं, बरं दिसतंय. मग त्यांनी मला जरा ढकललं आणि मी सरकले. आवाज न करता, लोण्यावरून गेल्यासारखी. माझ्या पायांना फरशी लागत नव्हती, मित्रांनो. त्या दिवशी मला कळलं मास्तरांना काय होत असेल. मी ओरडून सांगणार होते, पण माझी करकर हीच माझी बोली, आणि तिच्यावरच मोजे चढवलेले.

भिंतीला टेकलेली होते तोवर निभावलं. भिंत मला धरत होती आणि मी मास्तरांना. आठवडा असाच गेला. मी रोज सकाळी भिंतीला घट्ट चिकटून बसायची आणि रोज वाटायचं, आज मला कुणी पुढं ओढू नये.

तीन महिन्यांचा शेवटचा रविवार आला. वकार पहिल्या एसटीनं लातूरहून निघाला होता. अमीरबी आत तहारीचा भात चढवत होती. मास्तरांनी न्हाऊन पांढरा कुर्ता घातला आणि मला भिंतीपासून ओढलं. खोलीच्या मधोमध, दाराकडं तोंड करून. त्यांना भिंतीकडं बघत व्यायाम दाखवायचा नव्हता, मुलाच्या तोंडाकडं बघत दाखवायचा होता. आता माझ्यापुढं मोकळी फरशी होती. मास्तरांच्या मागं हातभर अंतरावर जुन्या शिलाई मशीनचा ओतीव लोखंडी सांगाडा होता, धारदार कोपऱ्याचा.

वकार दारात बूट काढत होता. "अम्मी कुठाय?"

"आत. तू बस. आधी बघ."

टाचा झाल्या. चवडे झाले. आडवी पावलं झाली. वकारच्या चेहऱ्यावरची आठी थोडी सैल पडली. मास्तरांना ते दिसलं, आणि त्यांना चेव आला. त्यांनी उजवा पाय उचलला. एक, दोन, तीन. डावा हात सोडला. चार, पाच. अंग जरा पुढं गेलं. रोजच जातं. अशा वेळी ते माझ्या पाठीवर भार टाकतात आणि मी पेलते.

त्यांनी भार टाकला. मी सरकले.

आवाज झाला नाही. माझी पाठ त्यांच्या हातातून निघून गेली, मला जाणवत होतं, बोटं सुटत होती एकेक करून. मी थांबायचा प्रयत्न केला. थांबायला फरशी सापडेना. वकार "अब्बा" म्हणून उठला, पण तो सहा पावलं लांब होता. मास्तरांनी झटक्यात अंग मागं घेतलं, आणि मागं तो कोपरा होता.

तेवढ्यात उचललेला उजवा पाय खाली आला. सरळ नाही, आडवा, लांब. जसा रोज पाच वेळा यायचा तसा. गुडघे वाकले. मग डावा पाय त्याच्याजवळ आला. मास्तर कोपऱ्याच्या बाजूला उभे होते, दोन्ही हात पसरून, काहीही न धरता. त्यांना कुणाचाच हात लागला नव्हता. माझा तर नाहीच.

अमीरबी झारा घेऊन आतल्या दारात आली तेव्हा आम्ही तिघंही तसेच होतो.

वकारचा चेहरा पांढराफटक पडला होता. आधी त्याला राग आला तो माझा. "ही खुर्चीच फेकून द्या." त्यानं मला उलटं केलं आणि थांबला. चार निळे मोजे वर आले होते. "हे कुणी शिवलं?"

"मी," मास्तर म्हणाले. मग खाली बघत, "दुहेरी टीप आहे. ओढून निघायचे न्हाईत."

आता एक गोष्ट सांगते. मास्तरांच्या कात्रीला त्या घरात कुणी हात लावत नाही. कागद कापला तरी धार जाते म्हणतात. वकारनं लहानपणी त्या कात्रीनं पतंग कापला होता आणि सणसणीत मार खाल्ला होता. मास्तर मेजाशी गेले, ती कात्री आणली आणि मुठीकडून वकारपुढं धरली.

वकारनं चारही मोजे कापले. माझे मोकळे पाय एकदा चाचपून तो बापाच्या पायांशी येऊन बसला. चप्पल काढून त्यानं अंगठ्याखाली बोट दाबलं. "हे कळतं का, अब्बा?"

"न्हाई."

"हे?"

"न्हाई रे."

औषधं देणारा पोरगा, पण बापाचे पाय त्यानं पहिल्यांदा हातात घेतले होते. मग त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. "मग उभे कसे राहिलात?"

"सवयीनं," मास्तर म्हणाले.

दुपारी वकारनं सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे माझ्या पायांना ठोकले आणि स्वतःच्या हातानं मला भिंतीला टेकवलं. जाताना म्हणाला, "दुकान उघडं ठेवा. पण हिला भिंतीपासून लांब न्यायचं न्हाई."

तेव्हापासून रोज संध्याकाळी अमीरबी आरसा घेऊन बसते. आधी मास्तरांचे तळवे बघते, मग माझ्या चारही पायांखालून हात फिरवते. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचे तरी पाय बधिर झाले असतील. त्यांना भक्कम आधार द्या, रोज व्यायामाला उभं करा, आणि तेवढा वेळ शेजारी उभे राहा. माझ्या पायाला काही झालं तर मी करकरून घर डोक्यावर घेते. मास्तरांच्या पायाला काही झालं तर खुद्द मास्तरांनाही कळत नाही. म्हणून ते दुसऱ्या कुणाला तरी कळलं पाहिजे.