बाहीतली माशी

बाबांना तीस वर्षांत इतक्या मधमाश्या चावल्या की आता त्यांना सूजही येत नाही. कोणी आलं की ते कौतुकाने हात पुढे करून दाखवायचे. आई त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्यांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. ती फक्त त्यांचे कामाचे कपडे धुवायची. गेल्या महिन्यात बाहीत अडकलेली एकच माशी तिला चावली आणि दवाखाना गाठेपर्यंत तिचा श्वास थांबला.

“माश्यांचं विष वर्षानुवर्षं दोघांच्याही अंगात गेलं, वडिलांच्या डंखांतून, आईच्या त्या कपड्यांवरून,” डॉक्टर मला म्हणाले. “वडिलांचं शरीर त्याला सरावलं, आईचं बिथरलं.”

आता बाबा उघडे हात पेटीत घालून बसून राहतात. मी चिडून त्यांना घरात ओढून आणते, चिमट्याने एकेक काटा उपटते. मेला हात जरासुद्धा सुजत नाही.