माझ्या अकरा नकला

मी नऊ भोकांची पाटी बोलतेय. हसू नका. एका बाजूला उथळ वाटी, दुसऱ्या बाजूला नऊ भोकं आणि वाटीत नऊ खुंट्या, एवढाच माझा देह. पण पक्षाघातावर संशोधन करणारे भलेभले डॉक्टर माझ्या शब्दाबाहेर नाहीत. ज्याचा हात लुळा पडला त्यानं एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग एकेक काढून परत वाटीत टाकायची. शेजारी घड्याळ चालू. धडधाकट माणसाला वीसेक सेकंद लागतात. आजाऱ्याला किती लागले, यावरून उपचाराची लायकी ठरते.

माझा जन्म कारखान्यातला. सोबत चौदा पानांचं माहितीपत्रक आलं होतं. ते कुणीही न वाचता जपून ठेवलंय. मला संशोधन विभागातल्या एका टेबलावर बसवलं, आणि तेव्हापासून मी माणसं बघतेय.

माणूस मोठा गमतीचा प्राणी आहे. रक्तदाबाची गोळी का सोडली, असं विचारलं की म्हणतो, "बरं वाटत होतं म्हणून." बरं वाटतंय ते गोळीमुळे, हे त्याला तोंड वाकडं झाल्यावर कळतं. मग खुंटी हातातून सुटली की माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, जणू पक्षाघात मीच त्याच्या घरी पाठवला.

त्या वर्षी आमच्याकडे विजेचा हातमोजा आला होता. तो घातला की बोटं आपोआप उघडमीट करायची. निम्म्या रुग्णांना खरा मोजा, निम्म्यांना खोटा. खोट्यात नुसता दिवा लागायचा आणि झिणझिण्या यायच्या. कुणाला कुठला मिळाला हे रुग्णाला माहीत नसे, मोजणाऱ्या बाईंनाही नसे. ते गुपित ज्याच्या त्याच्या नावाच्या बंद पाकिटात, आणि पाकिटं मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात.

त्यात एक सुतार आला. सोबत बायको आणि लेक. सकाळी उजवा हात उचलेना, तेव्हा नवराबायकोनं ठरवलं की हातावर झोपल्यामुळे असं झालं असेल. दुपारपर्यंत तेल चोळलं. ज्या घाईच्या तासांत दवाखाना गाठायचा, ते तास तेलात गेले. पुढं महिनाभरानं तो माझ्यासमोर बसला. पहिल्या दिवशी त्याला एकशे बारा सेकंद लागले आणि दोन खुंट्या जमिनीवर गेल्या.

लेक तिथंच म्हणाली, "बाबा, चार महिने बघू. डॉक्टरांच्या आकड्यात हात सुधारला तर ठीक, नाही तर हत्यारं देऊन टाकायची. पलीकडचा कारखानदार न्यायला तयार आहे. तोवर करवतीला हात लावायचा नाही."

"रंध्याला लावला तर?"

"बाबा!"

सुताराची नजर माझ्यावरून फिरत होती. लांबी, रुंदी, दोन भोकांमधलं अंतर. मला वाटलं, बिचारा निराश झालाय. बिचारा मोजमाप घेत होता.

दर महिन्याला तो आला. एकशे बाराचे ऐंशी, ऐंशीचे पंचावन्न, पंचावन्नाचे अडतीस. डॉक्टरीणबाई खूश; काकांचा मोजा खराच असणार, असं त्यांनी धरून टाकलं. मोज्याचं कौतुक खोलीबाहेरही ऐकू येऊ लागलं. परदेशातल्या परिषदेसाठी त्यांनी आलेख काढायला घेतला होता म्हणे.

चौथ्या महिन्यात शेवटची मोजणी. लेक सासरहून मुद्दाम हजर. सुतारानं खुंट्या टपाटप बसवल्या, टपाटप काढल्या. सव्वीस सेकंद! मोजणाऱ्या बाईंनी टाळी वाजवली. तिथंच उठला असता तर पठ्ठ्या सुटला असता. पण कारागीर तो, खोट दिसल्यावर गप्प कसा बसणार?

"बाई, तुमचं हे तिसरं भोक सैल आहे. खुंटी डुगडुगते. माझ्या पाटीत नाही असं होत."

माझा अपमान झाला तो झालाच. पण बाईंनी भलताच शब्द पकडला.

"तुमच्या पाटीत?" बाईंनी विचारलं.

सुताराची बायको एकदम छताकडे बघू लागली. छतावर काहीही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "काका, घरी अशी पाटी केलीय तुम्ही?"

"एक नाही, अकरा."

"अहो, तुम्ही पेपर फोडलात की!"

"म्हणजे काय?" आता बायको छतावरून खाली उतरली. "परीक्षेचा अभ्यास घरी नाही करायचा तर कुठं करायचा? मी रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून बसवते यांना. आत्तासुद्धा बाहेर बाकावर शेवटची उजळणी घेतली."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मोजणारं साधनच घरी घोटून आणल्यावर आकड्याला काय अर्थ? काका अभ्यासातून बाद. बाद झाल्यावर गुपित ठेवायचं कारण उरलं नाही, म्हणून त्यांनी काकांचं पाकीट फोडलं. वाचलं. आणि त्यांचा चेहरा परिषदेला न जाणाऱ्या माणसासारखा झाला.

"काका, तुमचा मोजा खोटा होता."

"मला वाटलंच," सुतार म्हणाला. "शिवण धड नव्हती."

लेकीचं मात्र डोकं फिरलं होतं. "म्हणजे आकडा धरायचा नाही. आणि बाबा, पाट्या काय दातांनी कापल्या? मी नको म्हटलं असताना करवत घेतलीत? रविवारी येतोय तो माणूस. नेऊ दे सगळं."

सुतारानं मान खाली घातली. इतका वेळ सव्वीस सेकंदांचा माणूस होता तो. आता परत एकशे बाराचा दिसू लागला.

त्याच्या बायकोनं पिशवीत हात घातला. उजळणीची अकरावी पाटी काढली, आणि गरम डब्याखाली ठेवायला घेतलेली पहिलीही काढली. दोन्ही माझ्या शेजारी मांडल्या.

पहिली पाटी काय सांगू! कड अशी वाकडी की करवत वाट चुकून भटकली असावी. भोकं उंदरानं कुरतडल्यासारखी. आणि अकरावी? मला सांगायला जड जातं, पण ती माझ्याहून देखणी होती. कोपरे गुण्या लावल्यासारखे काटकोनात, कड रेशमासारखी, खुंट्या एकसारख्या. मी साच्यातून निघाले. ती हातातून निघाली होती.

लेकीनं अकरावीच्या कडेवरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"हे कुठल्या हातानं केलंत?"

सुतारानं उजवा हात वर केला. "पहिल्या दोन डाव्यानं. मग हा हळूहळू येऊ लागला. भोक पाडताना गिरमिट फिरवायला डावा पुरत नाही गं."

"लागलं कितीदा?"

"दोनदा."

"तीनदा," बायको म्हणाली.

लेकीनं कारखानदाराला फोन लावला. "रविवारी येऊ नका," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मग बापाकडे वळली. "करवत चालवताना आई शेजारी बसली पाहिजे."

"आजवर कोण बसत होतं मग?" आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई सुताराच्या नोंदपत्राचे कागद उलटसुलट बघत होत्या. चार महिने रोज कापणं, तासणं, भोकं पाडणं. माणसाचा हात कशानं आला ते समोर मांडलं होतं. पण नोंदपत्रावर त्याला रकाना नव्हता. शेवटी त्यांनी लिहिलं : 'नियमभंग.'

अहवाल छापून आला. अकरा पानं. खरा मोजा आणि खोटा मोजा यांत फरक आढळला नाही. मोज्याचा दिवा चांगला होता, हे कुणी लिहिलं नाही. सुताराला एक ओळ मिळाली : 'एक सहभागी वगळण्यात आला.'

वर्ष पुरं झालं, त्या दिवशी तो परत आला. कार्डावर वर्षानंतरच्या तपासणीचीही तारीख होती ना! मोजणाऱ्या बाई ओशाळल्या. "काका, तुमचं नाव यादीत नाही आता."

"नसू दे. तुमचं हे टेबल हलतंय."

तो गुडघ्यावर बसला, पिशवीतून पटाशी काढली, लाकडाच्या तुकड्याची पातळ पाचर तासली आणि पायाखाली ठोकून बसवली. उजव्या हातानं. टेबल घट्ट झालं. मीही. घड्याळ कुणी लावलं नव्हतं, त्यामुळे किती सेकंद लागले ते मला सांगता येणार नाही.

मी अजून त्याच टेबलावर आहे. तिसरं भोक सैल आहे, कबूल. नवीन उपचार येतात, नवे आलेख निघतात, माझी साक्ष काढली जाते. डॉक्टरलोकांनो, जरूर काढा. पण एवढं ऐका : माणूस माझ्यासमोर महिन्यातून एकदा मिनिटभर बसतो. उरलेला महिना तो घरी काय करतो, हे त्याला विचारा तरी. आणि पुढचं नोंदपत्र छापाल तेव्हा एक रकाना रिकामा ठेवा.

चला, कुणीतरी आत येतंय. डावा हात झोळीत आहे. वाटीत खुंट्या नऊच आहेत ना, बघते.