उरलेली फ्रेम

“पडदे ओढा, आणि तो मोठा दिवा घालवा,” बाबा म्हणाले.

दाताच्या डॉक्टरांनी मुकाट्यानं दोन्ही केलं. दवाखान्याची दुपारची सुट्टी होती. ज्या खुर्चीत एरवी माणूस आ वासून पडलेला असायचा, तिच्यात आज एक जुना लाकडी कॅमेरा बसवला होता. भिंगामागचा त्याचा घड्यांचा कातडी भाता पुढपर्यंत ताणलेला होता. बाबांनी डॉक्टरांची बारीक बॅटरी मागून घेतली, ती मागच्या बाजूनं भात्याच्या आत सोडली आणि खुर्चीभोवती वाकून फिरू लागले. काळोखात भात्याच्या घड्यांवर चार बारीक ठिपके चमकले.

“किडलंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोपऱ्यांत.”

“मग भरायचं की उपटायचं?”

“भरू की. काळी पट्टी लावली तर अजून बरीच वर्षं चावेल.”

दारापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला हसू आलं. बाबांना कोणी टोपी घालू नये म्हणून ती ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. पण टोपी घालणारा माणूस असा नसतो. डॉक्टर पुन्हा दिवा लावत म्हणाले, “काका, एवढं कशाला बघता? दिवाणखान्यात झकास दिसतो. मीही शोभेलाच घेतला होता. आता घरातून हुकूम सुटलाय, एक तर कॅमेरा पुसा नाही तर काढा.”

“शोभेला नकोय. फोटो काढायचाय.”

“याच्यानं? आजकाल? कोणाचा हो?”

बाबांनी हनुवटीनं तिच्याकडे खूण केली. “हिचा.”

तिला हे ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतं, कोणी गच्चीवर झाडं लावतो, कोणी वाजत नसलेली बासरी विकत घेतो, त्यातलंच हे एक, अशी तिची समजूत होती. मोठ्या दुकानात त्यांनी असाच एक कॅमेरा पाहिला होता. किंमत ऐकून बाबांनी त्यावरून नुसता हात फिरवला आणि दुकानदाराला “सांभाळा हं याला” असं सांगून ते बाहेर आले होते. जवळ होते ते स्टुडिओचे जुने दिवे विकून आलेले पैसे. स्टुडिओ मालकाचा, दिवे मात्र बाबांचे. दुकान बंद झालं तेव्हा त्यांच्या वाट्याला तेवढंच आलं.

घासाघीस बाबांना कधी जमली नाही. वस्तूतली खोट सांगून झाली की ते गुणही सांगून टाकत. “भाता गळका आहे. शटर सावकाश चालवलं की अडखळतं. पण भिंग...” त्यांनी भिंग उजेडाकडे धरलं. “भिंग काय आहे हो! एक ओरखडा नाही.”

तिनं डोळे मिटून घेतले.

“काका, तुम्ही घ्यायला आलात की विकायला?” डॉक्टर हसले, आणि बाबांच्या पाकिटात मावेल एवढ्यावर त्यांनी सौदा पक्का केला. वर औषधांच्या फ्रिजमधून फिल्मचं एक फोडलेलं खोकंही काढून दिलं. “हेही न्या. भुलीच्या इंजेक्शनांशेजारी पडून आहे कधीचं. तुमच्या हातून शुद्धीवर आलं तर बघा.”

परतताना पेटी बाबांनी तिच्या हातात दिली नाही. दर खांबापाशी थांबत, हात बदलत ते चालत राहिले.

“बाबा, धाप लागलीय तुम्हाला. द्या इकडे.”

“लागू दे. चांगल्या कामाची आहे.” मग थोडं पुढे गेल्यावर, रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, “तुझे सगळे फोटो उरलेल्या फ्रेममधले आहेत.”

तिनं आपली चाल हळू केली.

खरं होतं ते. बाबांचं उभं आयुष्य ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेलं. हनुवटी थोडी वर, खांदे सैल, पापणी लववू नका. रोल धुवायला पाठवायचा तर तो संपवायला हवा, आणि शेवटी एखादी फ्रेम उरायची. शाळेतून ती परस्पर दुकानात यायची. “ये गं, रोल संपवायचाय,” असं म्हणत बाबा तिला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवायचे. म्हणून तिच्या प्रत्येक फोटोत दप्तराचा पट्टा आहे, विस्कटलेली वेणी आहे आणि कडेला पुढच्या गिऱ्हाइकाचं कोपर आहे. इतर मुलींचे फोटो बाबा पाऊण तास खपून काढत. त्यांच्या फ्रॉकच्या चुण्या स्वतःच्या हातानं नीट करत. हे ती काउंटरमागून बघायची. आपलाही काढा, असं तिनं कधी म्हटलं नाही. बाबांना हे कळलेलं असेल असं तिला आजवर वाटलं नव्हतं.

“दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं,” बाबा म्हणाले. “या कॅमेऱ्यात रोल नसतो. एका वेळी एकच फिल्म आत जाते. उरायचा प्रश्नच नाही.”

घरी आल्यावर त्यांनी भात्याची भोकं बुजवली. न्हाणीघराच्या दाराच्या फटीला टॉवेल लावून ते आत होल्डरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात सरकवायच्या चपट्या चौकटीत, फिल्म भरायला बसले. बाहेर तिला त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. कोपऱ्यातली खाच हाताला लागत नव्हती, मग लागली, मग होल्डर उलटा निघाला. आई गेल्यापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

“एकच भरलीय,” बाहेर येत ते म्हणाले. “दोन भरल्या की माणूस निष्काळजी होतो.”

त्यांनी तिला खिडकीपाशी बसवलं. सवयीनं तोंडातून “हनुवटी...” एवढं निघालं आणि त्यांनी जीभ चावली. “नको. आहेस तशीच बस.” मग काळ्या कापडात डोकं घालून ते मागच्या दुधी काचेवर तिला बघत राहिले. कापडातून फक्त त्यांचे पाय दिसत होते. चपला उलट्या पायांत होत्या.

“काय दिसतंय?”

“डोक्यावर उभी आहेस. या काचेवर सगळं उलटंच दिसतं.”

“आणि?”

कापडाखालून एक हात आला आणि भिंग किंचित पुढे-मागे करून गेला. “आईसारखं कपाळ आहे तुझं,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांचे केस उभे राहिले होते. त्यांनी होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवला, फिल्म झाकणारी त्याची झडप ओढून काढली आणि ती हातात धरूनच तिच्याशी बोलत उभे राहिले. दाताचा डॉक्टर कसा हसला, डार्करूमवाल्या घुबडाला फोटो दाखवल्यावर तो कसा जळेल, असलं काहीबाही. तिनं अवघडू नये म्हणून. ती हसली, मान वळवली, पुन्हा सरळ बसली. “आता हलू नको.” खटका वाजला.

“झालं?”

“झालं,” बाबा म्हणाले, झडप परत बसवली आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर थोपटलं.

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिनं दोनदा हाक मारली. मग कप खाली ठेवला.

येणारी माणसं येऊन गेली, बोलायचं ते बोलून गेली. होल्डर कपाटात होता. त्याला कोणी हात लावू नये म्हणून तिनं किल्ली जवळ ठेवली होती. कामावर ती पुस्तकं लावायची, नोंदी करायची, आणि मध्येच तिला आठवायचं की कपाटातल्या काळोखात एक फोटो आहे आणि तो आपला आहे. त्या दिवसांत तेवढ्याच एका गोष्टीला तिनं धरून ठेवलं होतं. सगळं निवल्यावर ती होल्डर घेऊन घुबडाकडे गेली.

घुबड म्हणजे बाबांच्या दुकानाच्या फिल्म धुणारा माणूस. आयुष्य डार्करूममध्ये गेलं म्हणून ते नाव पडलं, आणि त्यालाही ते आवडायचं. आता एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्याची एकच खोली उरली होती. तो होल्डर हातात घेऊन म्हणाला, “शेवटी घेतलाच का लेकाच्यानं,” आणि आत जाऊन त्यानं दार लावलं.

दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात ओली फिल्म होती. बल्बसमोर धरून तो ती उलटसुलट बघत होता. फिल्म पूर्ण काळी होती.

“बिघडली?” तिनं विचारलं.

“शटर उघडं राहिलं गं. उजेड आत येत राहिला की फिल्म अशी काळी पडते.” तो खुर्चीवर बसला. “काचेवर बघताना ते उघडंच ठेवावं लागतं. मग आधी ते बंद करायचं आणि नंतर झडप ओढायची. रोलच्या कॅमेऱ्यात ही भानगडच नाही. त्याच्या हाताला सवयच नव्हती. झडप काढून लगेच खटका दाबला असता तर काहीतरी वाचलं असतं. तुम्ही बोलत बसला होतात का?”

“हो.”

“मग ते सगळं आलंय यात. तू हललीस, हसलीस, सगळं एकावर एक. म्हणूनच काही दिसत नाही.”

“काही करता येणार नाही?”

“फिकी करायचं रसायन असतं. पण फिकी करून हाती काय येणार? काळ्याचं करडं होईल.” त्यानं डोळे पुसले नाहीत, फक्त नाक ओढलं. “तू कॅमेरा घेऊन ये. मी काढतो तुझा. फुकट.”

“नको, घुबडकाका.”

“मग ही टाकून देऊ?”

“वाळू दे,” ती म्हणाली. “घेऊन जाते.”

त्याला काही समजलं नाही, पण त्यानं फिल्म दोरीला चिमट्यानं अडकवली आणि हात धुवायला तो आत गेला. नळ सुरू झाला. फिल्मच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी थेंबथेंब फरशीवर पडत होतं. ती समोरच्या बाकावर बसली. तिनं पर्स बाजूला ठेवली, केस कानामागे घेतले, आणि आत ऐकू जाईल याची पर्वा न करता मोठ्यानं म्हणाली,

“बाबा, माझा एक फोटो काढा ना.”